एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रोग्राम न बोलता बंद पडतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम्बेडेड बोर्ड म्हणजे उपकरणाच्या आत बसवलेला छोटा संगणक. त्यावरचा दिवा लुकलुकतोय, नेटवर्क चालू आहे, पण आपला प्रोग्राम प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामांच्या) यादीत नाही. लॉगची शेवटची ओळ नेहमीसारखीच. अशा वेळी सगळे आधी कोड वाचायला बसतात. माझा आग्रह उलटा आहे: आधी पंचनामा, मग तपास. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), पालक प्रोसेस (जिने आपला प्रोग्राम सुरू केला ती) आणि प्रोसेसर या तिघांनाही मृत्यूचं कारण त्या क्षणी माहीत असतं. ते लिहून घेणारं कोणी नसतं, एवढंच. खालची बहुतेक उत्तरं या साक्षीदारांना बोलतं कसं करायचं याबद्दल आहेत.

प्रोग्राम गायब झाला, एरर कुठेच नाही. सुरुवात कुठून करू?

बोर्ड बंद-चालू करू नका. तसं केलंत की रॅममधला सगळा पुरावा गेला.

पहिला प्रश्न: नेमकं कोण गेलं? अपटाइम, म्हणजे बोर्ड चालू होऊन किती वेळ झाला ते, बघा. तो दोन-चार मिनिटांचाच असेल तर प्रोग्राम नव्हे, अख्खा बोर्ड रीसेट झालाय आणि तपासाची वाट वेगळी आहे (पुढे रीसेटचा प्रश्न बघा). अपटाइम कित्येक दिवसांचा आणि प्रोसेस नाही, म्हणजे एकटा प्रोग्राम गेला. प्रोसेस आहे पण काम करत नाही, म्हणजे तो अडकलाय. तेव्हा प्रॉकमधल्या (कर्नल चालू प्रोसेसची माहिती जिथे दाखवतो तिथल्या) त्याच्या फोल्डरातली स्टेटस फाइल आणि प्रत्येक थ्रेडची (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्याची) अवस्था आधी उतरवून घ्या, मग हात लावा.

एक चौथी शक्यता नेहमी नजरेतून सुटते. इनिट (बाकीचे प्रोग्राम सुरू करणारी पहिली प्रोसेस) किंवा एखादी स्क्रिप्ट मेलेल्या प्रोग्रामला लगेच पुन्हा उभं करते, आणि आपल्याला वाटतं तो चालूच होता. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) बदललाय का आणि प्रोसेस कधी सुरू झाली, हे बघितलं की कळतं.

तो स्वतःहून मेला की कोणी मारला, हे कसं ओळखायचं?

एक्झिट कोडवरून, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो त्या आकड्यावरून. प्रोग्राम थेट चालवण्याऐवजी चार ओळींच्या शेल स्क्रिप्टमधून चालवा, आणि तो संपताच वेळ आणि एक्झिट कोड एका फाइलीत जोडा. इतका स्वस्त आणि इतका बोलका साक्षीदार दुसरा नाही.

सिग्नलने (कर्नल किंवा दुसरी प्रोसेस पाठवते त्या सूचनेने) मृत्यू झाला तर शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून सांगतो. १३९ म्हणजे सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट (हक्काच्या नसलेल्या मेमरीला हात लावणं). १३४ म्हणजे सिग्नल ६, अॅबॉर्ट: असर्ट फसला, सी++ मधलं एक्सेप्शन कोणी पकडलं नाही, किंवा हीपची (चालता चालता मागून घेतलेल्या मेमरीची) मोडतोड लायब्ररीच्या लक्षात आली. १३२ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी इन्स्ट्रक्शन. बरेचदा दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेली लायब्ररी चुकून इमेजमध्ये आलेली असते. १३७ म्हणजे सिग्नल ९, त्यावर पुढे सविस्तर. एआरएम आणि एक्स८६ वर १३५ म्हणजे बस एरर, पण मिप्सवर बस एररचा क्रमांक १० आहे. त्यामुळे त्याच बोर्डावरची यादी बघून मगच अर्थ लावा.

कोड ० किंवा १ आला तर सहसा क्रॅश झालेला नसतो (अपवाद पुढे हँडलरच्या उत्तरात). कोणीतरी एक्झिट बोलावलं किंवा मेन फंक्शन संपलं. हे ‘कोणीतरी’ पुष्कळदा एखादी लायब्ररी असते.

एक्झिट कोड १३७ येतो. पण मी तर किल केलं नाही!

मेमरी संपली असेल तर कर्नलने केलं. लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) सिग्नल ९ पाठवतो. हा सिग्नल पकडता येत नाही, त्यावर हँडलर लावता येत नाही, कोअर फाइलही (मरतेवेळच्या मेमरीची प्रत) बनत नाही. त्यामुळे प्रोग्रामच्या बाजूने पूर्ण शांतता. कर्नल मात्र डीमेसेजमध्ये (स्वतःच्या लॉगमध्ये) चांगला लांबलचक अहवाल लिहितो: कोणाला मारलं, तेव्हा प्रत्येक प्रोसेसकडे किती मेमरी होती. तो अहवाल नंतरच्या ओळींखाली वाहून जातो, म्हणून कर्नल लॉग कुठेतरी टिकेल अशी सोय आधीच हवी.

‘मी प्रत्येक मॅलॉकचं (मेमरी मागण्याच्या कॉलचं) उत्तर नल आहे का ते तपासतो’ यावर विसंबू नका. लिनक्स सहसा मेमरी देण्याचं वचन आधी देतो आणि खरी पानं वापराच्या वेळी जोडतो. मॅलॉक यशस्वी होतं आणि मरण नंतर कधीतरी, साध्या लिहिण्याच्या ओळीवर येतं.

ज्याचा बळी गेला तोच दोषी असंही नाही. टेम्प फोल्डर बहुतेक बोर्डांवर टीएमपीएफएस असतो, म्हणजे रॅममध्येच. तिथे एखादी स्क्रिप्ट लॉग साठवत राहते, रॅम आटते, आणि कर्नल सर्वांत जास्त मेमरी वापरणाऱ्या तुमच्या मुख्य प्रोग्रामला उचलतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणून अहवालात शेअर्ड मेमरीचा आकडा जरूर बघा. टीएमपीएफएसमधल्या फाइली त्यात मोजल्या जातात. प्रोग्रामचा ओओएम स्कोअर अॅडजस्ट उणे १००० करून त्याला वाचवता येतं, पण गळती तशीच राहते आणि पुढचा बळी एसएसएच किंवा नेटवर्कचा असतो.

सिस्टिमडी (इनिटचाच एक प्रकार) असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. त्याच्या वॉचडॉगची (ठरलेल्या वेळात हजेरी मागणाऱ्या पहारेकऱ्याची) मुदत चुकली तर तो सहसा अॅबॉर्ट सिग्नल पाठवतो. कोड १३४ दिसतो आणि माणूस नसलेला असर्ट शोधत बसतो.

प्रत्येक पायरीवर प्रिंटएफ टाकलंय, तरी शेवटची ओळ भलत्याच ठिकाणची येते. असं का?

टर्मिनलवर चालवताना स्टँडर्ड आउटपुट ओळीओळीने बाहेर पडतं. तेच फाइलीकडे किंवा पाइपकडे वळवलं की सी लायब्ररी काही किलोबाइटचा बफर भरेपर्यंत थांबते. सेगमेंटेशन फॉल्ट आला की तो बफर प्रोसेसबरोबर जातो. तुम्ही बघताय ती ओळ मृत्यूच्या कितीतरी आधीची असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं होतं ते यामुळेच.

उपाय सोपा: स्टँडर्ड एररवर लिहा, किंवा सुरुवातीलाच सेटव्हीबफ वापरून बफरिंग ओळीपुरतं करा.

यापुढचा एक थर लक्षात ठेवण्यासारखा आहे. राइट कॉल पूर्ण झाला की मजकूर कर्नलच्या ताब्यात जातो, आणि प्रोसेस मेली तरी तो फाइलीत पोचतो. पण वीज गेली किंवा बोर्ड रीसेट झाला तर कर्नलच्या कॅशमधलंही जातं. त्यासाठी एफसिंक (कॅशमधलं लगेच साठवायला लावणारा कॉल) लागतं. मात्र दर ओळीला एफसिंक केलंत तर फ्लॅशचं आयुष्य खर्ची पडेल. फक्त महत्त्वाच्या नोंदींना करा.

कोअर फाइल तयारच होत नाही.

बहुतेक एम्बेडेड इमेजमध्ये कोअर फाइलची आकारमर्यादा शून्य असते. यूलिमिटने ती वाढवा, पण त्याच शेलमध्ये ज्यातून प्रोग्राम सुरू होतो. तुमच्या एसएसएच खिडकीत वाढवून उपयोग नाही. एवढं करूनही फाइल येत नसेल तर कारण सहसा जागेचं असतं: कोअर मुळात प्रोग्रामच्या चालू फोल्डरात पडते, डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) रूट फोल्डरात चालतो, आणि रूट स्क्वॉशएफएसवर, म्हणजे फक्त वाचण्यासाठी. प्रॉकमधल्या कर्नल विभागातल्या कोअर पॅटर्न फाइलीत लिहिता येईल असा पूर्ण पत्ता द्या. सेटयूआयडी (फाइलीच्या मालकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या) प्रोग्रामची कोअर मुद्दामच बंद असते. आणि जागा वाचवण्यासाठी कर्नलमधून कोअर डंपचा भागच काढलेला असू शकतो.

कोअर पॅटर्नची सुरुवात उभ्या रेघेने केली तर कर्नल फाइल लिहिण्याऐवजी तुम्ही दिलेल्या प्रोग्रामला ती थेट पुरवतो. तिथे दाबून लहान करता येते, आणि आकारमर्यादाही आड येत नाही.

सोय लावली की खऱ्या क्रॅशची वाट बघू नका. साधी स्लीप प्रोसेस चालवून तिला सिग्नल ११ पाठवा. कोअर पडली तरच तयारी झाली म्हणायची.

कोअर मिळाली, पण जीडीबी डीबगरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

बोर्डावरची बायनरी स्ट्रिप केलेली (फंक्शनांची नावं आणि ओळींची माहिती काढलेली) असते, ते योग्यच आहे. पण प्रत्येक रिलीजची स्ट्रिप न केलेली प्रत, तिच्या सगळ्या लायब्ररींसकट, बिल्ड मशिनवर जपून ठेवायलाच हवी. ‘त्याच सोर्सवरून पुन्हा बनवू’ हे चालत नाही. कंपायलर किंवा एखादा फ्लॅग बदलला की पत्ते सरकतात आणि जीडीबी आत्मविश्वासाने चुकीची ओळ दाखवतो. बिल्ड आयडी (त्या बिल्डची खूण) जुळतो का ते बघा. जीडीबी त्याच टूलचेनमधला घ्या आणि सिसरूट (बोर्डावरच्या लायब्ररींची बिल्ड मशिनवरची प्रत) ठरवून द्या.

३२ बिट एआरएमवर अनवाइंड टेबल्स नसतील तर बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) एक-दोन फ्रेमनंतर तुटतो. ती टेबल्स ठेवणारा कंपायलर फ्लॅग रिलीजमध्येही ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. इमेज थोडी फुगते, पण प्रत्येक क्रॅशमागे कित्येक दिवस वाचतात.

कोअर ठेवण्याइतकी जागाच नाही. मग?

सिग्नल हँडलर लावा आणि मोजकंच लिहा: सिग्नलचा क्रमांक, चुकलेला पत्ता, प्रोग्राम काउंटर (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता), लिंक रजिस्टर (परतीचा पत्ता) आणि प्रॉकमधला मॅप्सचा मजकूर (कोणता भाग मेमरीत कुठे बसलाय ते). पत्ते दर वेळी बदलत असतील तर मॅप्सशिवाय बाकीचे आकडे निरुपयोगी. हँडलरमध्ये प्रिंटएफ आणि मॅलॉक वर्ज्य, थेट राइट कॉल वापरा. स्टॅक (फंक्शनांच्या लोकल व्हेरिएबलांची मेमरी) संपून क्रॅश झाला असेल तर हँडलरलाही उभं राहायला जागा नसते, म्हणून सिगऑल्टस्टॅकने वेगळा स्टॅक द्या. शेवटी मूळ वर्तन परत लावून तोच सिग्नल पुन्हा उठवा, म्हणजे एक्झिट कोड खरा राहील.

शेवटची पायरी गाळणारे लोकच पुढच्या माणसासाठी शांत क्रॅश तयार करतात. हँडलरमध्ये एक्झिट शून्य लिहिलं, की सेगमेंटेशन फॉल्ट बाहेरून यशस्वी समाप्तीसारखा दिसतो. बाहेरून घेतलेली लायब्ररी असं काही करते का, ते एसट्रेसमध्ये (सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनात) सिगअॅक्शनचे, म्हणजे हँडलर लावण्याचे, कॉल बघून कळतं.

तेवढंही जमत नसेल तर कर्नलची प्रिंट फेटल सिग्नल्स ही सेटिंग चालू करा. जीवघेण्या सिग्नलची नोंद कर्नल लॉगमध्ये येईल.

फाइल समोर दिसतेय, चालवण्याची परवानगी आहे, तरी ‘सापडली नाही’ म्हणतो.

सापडत नाही तो डायनॅमिक लोडर (बायनरीला लायब्ररी जोडून देणारा), फाइल नव्हे. बायनरी हार्ड-फ्लोट एआरएमसाठी बनवलेली आणि इमेज सॉफ्ट-फ्लोट, किंवा बायनरी जीलिबसीची आणि इमेज मसलची (या दोन वेगळ्या सी लायब्ररी). रीडएल्फने इंटरप्रिटरची (म्हणजे लोडरच्या पत्त्याची) ओळ वाचा आणि तो पत्ता बोर्डावर आहे का बघा.

नेटवर्कचं कनेक्शन तुटलं की प्रोग्राम जातो. कोअर नाही, डीमेसेज कोरा.

एक्झिट कोड १४१ असेल. समोरच्याने बंद केलेल्या सॉकेटवर लिहिलं की सिगपाइप येतो, आणि त्याचं ठरलेलं वर्तन म्हणजे कोअर न टाकता गुपचूप संपणं. सुरुवातीलाच सिगपाइप दुर्लक्षित करा आणि राइटने परत केलेली एरर तपासा. एसएसएचमधून सुरू केलेला प्रोग्राम लॉगआउटबरोबर जात असेल तर तो भाऊबंद सिगहप.

पीसीवर महिनोन्‌महिने चालणारा कोड बोर्डावर का मरतो?

कारणं अनेक आहेत, पण एक मी स्वतः भोगलंय. इमेज लहान करण्यासाठी आम्ही जीलिबसीकडून मसलकडे गेलो. प्रोग्राम सुरू व्हायचा, तासन्‌तास चालायचा आणि एका विशिष्ट प्रकारचा मेसेज आला की १३९ देऊन जायचा. त्या मेसेजचं फंक्शन २०० किलोबाइटचा लोकल अॅरे धरत होतं. लिनक्सवर जीलिबसी थ्रेडला सहसा ८ मेगाबाइट स्टॅक देते. मसलमध्ये तो १२८ किलोबाइट असतो, आणि १.१.२१ च्या आधीच्या आवृत्त्यांत ८० किलोबाइटच होता. कोडमधली एक ओळही चुकीची नव्हती. थ्रेड बनवताना स्टॅकचा आकार स्वतः सांगायचा, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

दुसरं कारण: एआरएम लिनक्सवर कॅर टाइप मुळात अनसाइन्ड असतो, एक्स८६ वर साइन्ड. कॅरमध्ये उणे १ साठवून फाइल संपल्याची तुलना करणारा लूप एआरएमवर संपतच नाही, बफरच्या पुढे लिहीत सुटतो. अशा चुका शोधायला कोडचा जमेल तेवढा भाग पीसीवर अॅड्रेस सॅनिटायझरखाली चालवा. पीसीवर अनसाइन्ड कॅरचा कंपायलर फ्लॅग लावून तोही फरक घरबसल्या तपासता येतो.

आमच्याकडे लिनक्स नाही, कॉर्टेक्स-एमवर (एआरएमचा मायक्रोकंट्रोलरसाठीचा प्रोसेसर) आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. तिथे काय बघायचं?

इथे प्रोसेसच नाही, त्यामुळे ‘प्रोग्राम गेला’ म्हणजे सगळंच थांबलं. तयार स्टार्टअप फाइलमध्ये हार्ड फॉल्टचं हँडलर म्हणजे एक रिकामा अनंत लूप असतो. बाहेरून बोर्ड हँग झालेला दिसतो, प्रत्यक्षात प्रोसेसर फॉल्टची सगळी माहिती हातात घेऊन त्या लूपमध्ये उभा असतो.

फॉल्टच्या वेळी प्रोसेसर आठ शब्द (इथे शब्द म्हणजे ३२ बिटांचा आकडा) स्टॅकवर ठेवतो: आर० ते आर३, आर१२, लिंक रजिस्टर, प्रोग्राम काउंटर आणि स्टेटस. कोणत्या स्टॅकवर, ते लिंक रजिस्टरमधल्या खास किमतीचा बिट २ सांगतो: शून्य असेल तर मुख्य स्टॅक, एक असेल तर टास्कचा. तिथला प्रोग्राम काउंटर अॅड्रेस-टू-लाइनला (पत्त्यावरून कोडची ओळ सांगणाऱ्या साधनाला) द्या, बहुतेक वेळा नेमकी ओळ मिळते. सोबत फॉल्टचा प्रकार सांगणारं सीएफएसआर रजिस्टर वाचा (कॉर्टेक्स-एम० वर ते नाही). बिट १७ लागला असेल तर खराब फंक्शन पॉइंटर हा पहिला संशयित. बिट १९ असेल तर फ्लोटिंग पॉइंट युनिट चालू न करताच वापरलंय. बिट ९ असेल तर चुकीचा पत्ता बीएफएआर रजिस्टरमध्ये तयार मिळतो. बिट १० मात्र फसवा: लिहिणं बफरमधून उशिरा झालं आणि प्रोग्राम काउंटर तोवर पुढे गेला. एम३ आणि एम४ वर ऑक्झिलरी कंट्रोल रजिस्टरमधून राइट बफर तात्पुरता बंद केला की तोच फॉल्ट नेमक्या ओळीवर येतो.

त्याहून वाईट म्हणजे जिथे फॉल्ट यायला हवा तिथे तो येतच नाही. पुष्कळ मायक्रोकंट्रोलरवर शून्य पत्त्यावर फ्लॅश असते, त्यामुळे नल पॉइंटरवरून वाचणं खुशाल यशस्वी होतं आणि व्हेक्टर टेबलमधला आकडा हाती येतो. पूर्णांकाला शून्याने भागलं तर मुळात उत्तर शून्य येतं. भागाकाराचा ट्रॅप सीसीआर रजिस्टरमधून चालू करा, आणि एमपीयू (मेमरीचे पट्टे राखणारं युनिट) असेल तर शून्याजवळचा पट्टा बंद करा. निदान चाचणीच्या बिल्डमध्ये तरी हे दोन्ही असावंच.

फ्रीआरटीओएसमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो झालाय, हे कसं सिद्ध करायचं?

ओव्हरफ्लो तपासणीची सेटिंग २ वर ठेवा आणि हुक (ओव्हरफ्लो सापडला की बोलावलं जाणारं फंक्शन) लिहा. या पद्धतीत टास्कचा स्टॅक आधी हेक्स ए५ ने भरलेला असतो आणि टास्क बदलताना शेवटचे बाइट शाबूत आहेत का ते बघितलं जातं. ती सगळं पकडत नाही, म्हणून हाय वॉटर मार्क अधूनमधून लॉग करा: आजवर कमीत कमी किती स्टॅक शिल्लक राहिला ते त्यातून दिसतं. मूळ फ्रीआरटीओएसमध्ये हे आकडे शब्दांत असतात, ईएसपी चिपसाठीच्या ईएसपी-आयडीएफमध्ये बाइटमध्ये. ३२ बिट प्रोसेसरवर मूळ आवृत्तीतले ५१२ म्हणजे २०४८ बाइट. तोच आकडा ईएसपीवर तसाच नेला की स्टॅक एक चतुर्थांश होतो.

एक्सटास्कक्रिएटचं उत्तर तपासता ना? हीप पुरली नाही तर टास्क बनतच नाही, आणि न जन्मलेल्या टास्कला आपण क्रॅश समजून शोधत राहतो.

बोर्डच रीसेट होतो. काही मागे उरतं का?

उरतं, वाचणारा हवा. मायक्रोकंट्रोलरमध्ये रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर असतं: वॉचडॉग, व्होल्टेज घसरणं, सॉफ्टवेअर की बाहेरची पिन. बूट होताच ते नोंदवा आणि पुसा. एसटीएम३२ वर ते स्वतः पुसावं लागतं, नाहीतर जुने झेंडे साचतात. फॉल्ट हँडलरमधले आकडे रॅमच्या अशा भागात ठेवा जो स्टार्टअप कोड शून्य करत नाही, सोबत चेकसम ठेवा, आणि पुढच्या बूटला वाचा. लिनक्सवर हेच काम पीस्टोअर आणि रॅमऊप्स करतात.

कारण व्होल्टेज घसरणं निघालं तर कोड ठेवून ऑसिलोस्कोप घ्या. जीएसएम मोडेम पाठवताना क्षणभर २ अँपियरपर्यंत ओढतो, आणि मोजता न येणारे ‘अधूनमधून’ रीसेट त्यातून येतात.

वॉचडॉग लावला की पुरे ना?

वॉचडॉग उपकरण परत उभं करतो, कारण सांगत नाही. १९९७ मध्ये नासाचं यान मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरल्यानंतर काही दिवसांत त्याचा संगणक अधूनमधून रीसेट होऊ लागला. डेटा-बसचं काम मुदतीत संपत नव्हतं आणि ते बघून सिस्टिम स्वतःला रीसेट करत होती. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली ट्रेसिंगची सोय चालू ठेवून अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रकार घडवून आणला. हवामानाच्या कमी प्रायॉरिटीच्या टास्कने धरलेल्या म्युटेक्समुळे (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपामुळे) जास्त प्रायॉरिटीचं टास्क अडकत होतं, आणि मधल्या प्रायॉरिटीची टास्क पुढे जात होती. त्या म्युटेक्सची प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला अडलेल्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणारी) ही सेटिंग बंद होती. ती पृथ्वीवरून चालू केली आणि रीसेट थांबले. ट्रेस नसता तर दिसला असता फक्त रीसेट.

म्हणून वॉचडॉगला पूर्वसूचनेचा इंटरप्ट असेल तर तो वापरा आणि त्यात प्रत्येक टास्कची अवस्था लिहा. वॉचडॉगला टायमर इंटरप्टमधून थोपटत बसू नका. सगळी टास्क मेली तरी इंटरप्ट चालूच राहतो.

विंडोज सीईवरचं जुनं उपकरण आहे. प्रोग्राम उघडतो आणि लगेच नाहीसा होतो.

आधी डीएलएल आणि कॉम्पॅक्ट फ्रेमवर्कची आवृत्ती तपासा. सीई ५.० पर्यंत प्रत्येक प्रोसेसला ३२ मेगाबाइटच आभासी जागा आणि एकूण ३२ प्रोसेस अशी मर्यादा होती. भरपूर रॅम मोकळी दिसत असूनही प्रोग्राम जागेअभावी मरतो, तो यामुळे. सीई ६.० ने ती मर्यादा २ गिगाबाइटवर नेली.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच होतं. इतकी वाट कशी बघायची?

वाट बघू नका, वेळ दाबून घ्या. दर मिनिटाला प्रोग्रामची मेमरी, उघड्या फाइल डिस्क्रिप्टरची (उघडलेल्या फाइली आणि सॉकेट यांच्या क्रमांकांची) संख्या आणि थ्रेडची संख्या नोंदवा. एका दिवसाचा आलेखसुद्धा गळती दाखवतो. मग मर्यादा मुद्दाम आवळा: डिस्क्रिप्टरची मर्यादा १०२४ ची ३२ केली तर महिन्याची गळती दिवसावर येते.

आणि क्रॅशमधलं अंतर मोजा. ते ४९.७ दिवसांच्या आसपास असेल तर मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर गुंडाळला जातोय (भरून पुन्हा शून्यावर येतोय). साइन्ड असेल तर २४.८ दिवस. लिनक्सचा जिफीज (टिक मोजणारा) काउंटर बूटनंतर पाच मिनिटांत गुंडाळला जाईल अशा किमतीपासूनच मुद्दाम सुरू केलेला असतो, म्हणजे अशा चुका टेबलावरच सापडाव्यात. तुमच्या टिक काउंटरचीही सुरुवातीची किंमत तशीच ठेवा, आणि क्रॅश पाच मिनिटांत होतो का ते बघा.